सांगलीत राहून संगणकीय जीवशास्त्रात प्राध्यापक होता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा: सांगलीच्या एका कॉलेजात बायोटेक्नॉलॉजी शिकवणाऱ्या सहायक प्राध्यापकांना संगणकीय जीवशास्त्र (जीवशास्त्राच्या डेटाचं संगणकावर विश्लेषण) आणि वैद्यकीय डेटा या विषयात पीएच.डी. करायची आहे आणि पुढे प्राध्यापक पदापर्यंत जायचं आहे. हाताशी १६ जीबी रॅमचा लॅपटॉप, पदवीच्या प्रात्यक्षिकांपुरती लॅब आणि आठवड्याला १६ तासिका. पुणं-बंगळुरू न गाठता हे जमेल का, आणि सुरुवात कुठून करायची?

जमेल. लॅपटॉपची काळजी सगळ्यात शेवटी करा. या विषयात माणसं अडतात ती नमुन्यांच्या तक्त्यापाशी. कोणती नळी कोणत्या रुग्णाची, कोणत्या दिवशी भरली, कोणत्या किटने डीएनए किंवा आरएनए काढला, कोणत्या खेपेत सिक्वेन्सिंगला (डीएनए-आरएनएची अक्षरं वाचायला) गेली, हे ज्याला सांगता येतं त्याचंच विश्लेषण टिकतं. आणि या बाबतीत सांगलीकर नशीबवान आहेत, कारण दवाखान्यांचं गाव मिरज दहा किलोमीटरवर आहे. नमुना जिथे घेतला त्या माणसाशी समोरासमोर बसून बोलता येणं ही मोठ्या शहरातल्या कित्येक संगणकवाल्यांना न मिळणारी सोय आहे.

आधी हिशोब करू, म्हणजे मशीनची भीती जाईल. माणसाचा जीनोम सुमारे ३.१ अब्ज अक्षरांचा. तो ३० पट खोलीने, म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी ३० वेळा, वाचायचा तर ९० अब्जांच्या वर अक्षरं. हे काम लॅपटॉपवर करू नका. जनुकांची अभिव्यक्ती मोजणारं आरएनए-सेक त्यापेक्षा हलकं. एका नमुन्याचे दोन-तीन कोटी रीड्स (यंत्राने वाचलेले छोटे तुकडे), दोन्ही टोकांनी वाचलेले, फास्टक्यू या दाबलेल्या (कॉम्प्रेस्ड) फाइलमध्ये साधारण ३ ते ५ जीबी. २४ नमुने म्हणजे शंभर जीबीच्या आसपास, शिवाय मधल्या फाइल्सना तेवढीच जागा. एक टीबीची बाहेरची एसएसडी घेतली की भागतं. रीड्स जीनोमवर बसवायला स्टार हे टूल मानवी जीनोमसाठी सुमारे ३० जीबी रॅम मागतं, ते तुमच्याकडे चालणार नाही. हायसॅट-टू चालेल. सॅल्मन तर आणखी सुटसुटीत, फक्त त्याची अनुक्रमणिका बनवताना अख्खा जीनोम 'डिकॉय' (चुकीच्या जुळण्या टाळायला दिलेला जादा क्रम) म्हणून देऊ नका, नाहीतर १६ जीबी अपुरी पडेल. विंडोज पुसायची गरज नाही. त्यातच डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) वापरून उबुंटू टाका आणि टूल्स कोंडा या प्रोग्रॅमने बसवा. त्याहून मोठं काम निघालंच तर पुण्याच्या सी-डॅकची ब्राफ ही जैवमाहितीसाठीची संगणक सुविधा आहे, तिथल्याच आयसरमध्ये परम ब्रह्म हा महासंगणक आहे. अर्ज करून वेळ मागता येतो. पण पहिली दोन वर्षं तिकडे जायची वेळ बहुधा येणार नाही.

पहिले सहा महिने नवं काही शोधायला जाऊ नका. एनसीबीआय या अमेरिकी जैवमाहिती केंद्राच्या जीईओ संग्रहातला एक छापून आलेला अभ्यास घ्या, सहा रुग्ण विरुद्ध सहा निरोगी असा छोटा, आणि त्यातली एक आकृती स्वतः काढून दाखवा. मानवी आरएनए-सेकच्या बऱ्याच अभ्यासांसाठी एनसीबीआयने स्वतः काढलेले कच्चे काउंट्स (प्रत्येक जनुकावर किती रीड्स पडले त्या संख्या) तिथे तयार मिळतात, त्यामुळे सुरुवातीला फास्टक्यू उतरवण्याचीही गरज नाही. पुढे उतरवाल तेव्हा युरोपच्या ईएनए संग्रहातून दाबलेल्या फाइल्स थेट घ्या. एनसीबीआयच्या एसआरए संग्रहावरून घेऊन उलगडत बसलात तर मधल्या टप्प्यात डिस्क भरते. उतरवून झालं की एमडी५ (फाइल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारा आकडा) जुळवा. पावसाळ्यात वीज गेली, राउटर बंद पडला, फाइल अर्धवट उतरली आणि पुढचं टूल काहीही न बोलता आहे तेवढ्यावर चाललं, असं होऊ शकतं.

काउंट्सचा तक्ता हातात आला की लगेच 'कोणती जनुकं बदलली' याकडे धावायचं नाही. आधी पीसीए (नमुने एकमेकांपासून किती वेगळे ते दोन अक्षांवर दाखवणारं चित्र) काढा आणि त्याच चित्राला तीनदा रंग द्या: रुग्ण-निरोगी या भेदाने, नमुना तयार केल्याच्या तारखेने, आणि लिंगाने. तारखेचा रंग पहिल्या अक्षावर स्वच्छ दोन ढिगात पडला तर तुमचा मुख्य निकाल आजाराचा नसून त्या दिवशीच्या किटचा असण्याची दाट शक्यता आहे. लिंगाची पडताळणी दोन जनुकांवर होते. झिस्ट हे स्त्रियांच्या नमुन्यात भरपूर दिसतं, आरपीएस४वाय१ हे वाय गुणसूत्रावरचं असल्याने पुरुषांच्या. तक्त्यात 'स्त्री' लिहिलेल्या नमुन्यात आरपीएस४वाय१ हजारांनी आलं तर नळ्यांची किंवा नोंदींची अदलाबदल झाल्याची दाट शक्यता आहे. पाच मिनिटांचं काम आहे, आणि छापून आलेल्या अभ्यासांतही अशी अदलाबदल सापडते.

मग डीईसेक-टू, म्हणजे बदललेली जनुकं शोधणारं टूल. याला कच्चे पूर्णांक काउंट्स लागतात. टीपीएम किंवा एफपीकेएम (जनुकाची लांबी वगैरे धरून आधीच सारखे केलेले आकडे) गोल करून देणारे महाभाग आहेत. टूल तक्रार करत नाही, उत्तर मात्र चुकतं, कारण त्याचं सगळं संख्याशास्त्र मोजलेल्या रीड्सच्या संख्येवर उभं आहे. सूत्रात खेप आणि स्थिती (रुग्ण की निरोगी) दोन्ही घाला. सगळे रुग्ण दुसऱ्या खेपेत आणि सगळे निरोगी पहिल्या खेपेत असतील तर ते 'मॉडेल मॅट्रिक्स फुल रँक नाही' असं सांगून थांबेल. मग पुष्कळजण खेपेचा रकाना काढून टाकतात आणि काम 'चालू' करतात. तसं करू नका. तो संदेश खरा आहे: आजार आणि खेप आता कुठल्याही गणिताने वेगळे होणार नाहीत, तो डेटा त्या प्रश्नासाठी वाया गेला. म्हणूनच स्वतःचे नमुने पाठवताना प्रत्येक खेपेत निम्मे रुग्ण, निम्मे निरोगी ठेवायचे.

२० हजार जनुकांवर ०.०५ ची पी-व्हॅल्यू (फरक नसतानाही असा निकाल योगायोगाने येण्याची शक्यता) लावली तर काहीही फरक नसताना हजारभर जनुकं 'बदललेली' दिसतील. त्यासाठी हजारो चाचण्या एकदम केल्याचा हिशोब धरणारी, बेंजामिनी-हॉकबर्गची सुधारित पी-व्हॅल्यू बघायची, हे सगळ्यांना माहीत असतं. कमी लोक करतात ते असं: कच्च्या पी-व्हॅल्यूंचा हिस्टोग्राम काढणं. डावीकडे उंच आणि बाकी सपाट असेल तर ठीक. मध्येच टेकाड किंवा उजवीकडे चढ दिसला तर मॉडेल चुकलंय, पुढे जाऊ नका.

एक्सेलबद्दल दोन शब्द, कारण सगळा तालुका एक्सेलवरच चालतो. सेप्ट२ आणि मार्च१ नावाची जनुकं एक्सेल तारखा समजून बदलून टाकत असे. २०१६ च्या एका पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचवा भाग या चुकीने बाधित निघाला. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलून सेप्टिन२, मार्चएफ१ अशी केली. जुन्या फाइल्समध्ये जुनी नावं अजून आहेत. नावांऐवजी एन्सेम्बल या जनुकसंग्रहाचे क्रमांक धरून काम करा आणि एक्सेल फक्त बघायला उघडा, साठवायला नाही.

मशीन लर्निंग हा आता सगळ्यांचा आवडता रस्ता. ६० रुग्ण, २० हजार जनुकं, त्यातून 'सर्वोत्तम' १०० निवडली, मग क्रॉस-व्हॅलिडेशन केलं (डेटाचे भाग पाडून दर फेरीत एक भाग चाचणीला ठेवला), अचूकता ९५ टक्के. यात खोट पहिल्याच पावलात आहे: निवड करताना साठच्या साठ रुग्ण बघितले, म्हणजे पेपर फुटल्यावर परीक्षा घेतली. निवडसुद्धा प्रत्येक फेरीच्या आत, फक्त प्रशिक्षणाच्या भागावर व्हायला हवी. खात्री करायचा सोपा उपाय: रुग्ण-निरोगी ही लेबलं पत्त्यांसारखी पिसा आणि पहिल्या पायरीपासून सगळी प्रक्रिया शंभरदा चालवा. दोन्ही गट सारखे असतील तर सरासरी अचूकता ५० टक्क्यांवर यायला हवी. पिसलेल्या लेबलांवरही ८० येत असेल तर गळती आहे. सिंगल-सेलमध्ये, म्हणजे एकेक पेशी वेगळी मोजण्यात, हीच गफलत वेगळ्या वेषात येते. तीन रुग्णांच्या दहा हजार पेशी म्हणजे दहा हजार नमुने नव्हेत, तीनच. पेशी रुग्णागणिक एकत्र बेरजून मगच तुलना करायची.

आता स्वतःचा प्रश्न कुठला घ्यायचा? जीईओतून दोन डेटासेट उचलायचे, 'हब जीन्स' (जाळ्यात सर्वाधिक जोडलेली जनुकं) काढायची, जाळ्याचं चित्र जोडायचं, अशा निबंधांचा पूर आला आहे आणि प्रयोगाची जोड नसलेले असे निबंध अनेक जर्नल्स दारातूनच परत पाठवतात. सांगलीत असाल तर माझा कौल जीवाणूंच्या जीनोमला आणि प्रतिजैविकांच्या प्रतिकाराला. कारण साधं आहे. क्लेबसिएला न्यूमोनीचा जीनोम सुमारे ५५ लाख अक्षरांचा. १०० पट खोलीने वाचला तरी ५५ कोटी. तुमच्या लॅपटॉपवर स्पेड्स हे टूल वापरून जुळणी (रीड्स जोडून जीनोम उभा करणं) होते. आणि जीवाणू मिळणार मिरज-सांगलीच्या रुग्णालयातल्या मायक्रोबायोलॉजी विभागात, जिथे ते रोज वाढवले जातात आणि बहुतेकदा अहवाल गेल्यावर फेकले जातात.

त्या विभागातल्या मॅडमना किंवा सरांना भेटायच्या आधी एवढं ठरवून जा. एका रुग्णाचा एका कालावधीतला पहिलाच आयसोलेट (नमुन्यातून वेगळा वाढवलेला जीवाणू) धरायचा. आयसीयूत महिनाभर पडलेल्या एकाच आजोबांचे आठ नमुने मोजले तर प्रतिकाराची टक्केवारी उगाच फुगते. एखाद्या जीवाणूचे ३० पेक्षा कमी आयसोलेट असतील तर टक्केवारी काढूच नये. अहवालातलं नुसतं 'रेझिस्टंट' उतरवून घेऊ नका. झोनचा (औषधाच्या चकतीभोवती जीवाणू न वाढलेल्या वर्तुळाचा) व्यास मिलिमीटरमध्ये किंवा एमआयसीचा (जीवाणूची वाढ थांबवणाऱ्या औषधाच्या किमान प्रमाणाचा) आकडा घ्या, कारण कोणत्या आकड्याला रेझिस्टंट म्हणायचं याच्या मर्यादा दर काही वर्षांनी बदलतात आणि मग जुना-नवा डेटा एकत्र करता येत नाही. कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा डिस्कवरचा (चकतीवरचा) निकाल तर धरूच नका, त्याला ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (औषध द्रवात पातळ करत केलेली चाचणी) लागतं. हे सगळं नोंदवायला जागतिक आरोग्य संघटनेचं हूनेट हे मोफत सॉफ्टवेअर आहे.

ओल्या लॅबमधली चूक पुढे संगणकावर कशी दिसते ते बघा. एकच वसाहत उचलून पुन्हा रेघोट्या मारून शुद्ध केली नाही तर नळीत दोन जीवाणू जातात. जुळणीनंतर एकूण लांबी ५५ लाखांऐवजी ९०-१०० लाख भरते, जीसीचं (जी आणि सी या अक्षरांचं) प्रमाण ५७ टक्क्यांच्या आसपास न राहता घसरतं किंवा दोन उंचवटे दाखवतं, जुळलेल्या तुकड्यांची संख्या दोनशेच्या आत राहण्याऐवजी हजारावर जाते. चेकएम या तपासणीच्या टूलमध्ये भेसळ ५ टक्क्यांच्या वर गेली तर तो नमुना बाद. सॉफ्टवेअरने 'साफ' करत बसू नका, प्लेटवर परत जा. डीएनए मोजताना नॅनोड्रॉप या यंत्रावर विसंबू नका, आरएनए मिसळलेला असला तरी तो आकडा मोठाच दाखवतो. सिक्वेन्सिंगवाले डीएनए वेगळा मोजणाऱ्या क्यूबिटचा आकडा मागतात तो याचसाठी. आणि वाचनाची खोली ४०० पट आली म्हणून खूश व्हायचं कारण नाही, ती १०० वर आणून मगच स्पेड्सला द्या, नाहीतर रॅम संपते.

अशा अभ्यासात हमखास केला जाणारा अतिरेकी दावा म्हणजे प्लाझ्मिडचा (एका जीवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या सुट्या डीएनएचा). इल्युमिना यंत्राच्या आखूड रीड्समधून एनडीएम हे प्रतिकाराचं जनुक आहे की नाही हे पक्कं कळतं. ते कोणत्या प्लाझ्मिडवर आहे हे बहुधा कळत नाही, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना पुन्हा पुन्हा येणारे तुकडे असतात आणि जुळणी तिथेच तुटते. 'एकच प्लाझ्मिड वॉर्डभर फिरलं' असं लिहायचं असेल तर निवडक पाच-सहा आयसोलेट नॅनोपोर यंत्रावर लांब रीड्सनी वाचून घ्या. परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

रुग्णांच्या नोंदींवर काम करायचं असेल तर वेगळ्या खाचखळग्यांची तयारी ठेवा. प्लेटलेट्स कुठे '१.५' (लाख), कुठे '१५०' (हजार), कुठे '१५००००'. क्रिएटिनिन एका लॅबमध्ये १.२ मिलिग्रॅम, दुसऱ्या यंत्रावर तेच १०६ मायक्रोमोल, गुणक ८८.४. तपासणी केलीच नाही तिथे '०' टाकलेला. '०४/०७' म्हणजे चार जुलै की सात एप्रिल, हे सॉफ्टवेअर कोणत्या सेटिंगवर होतं यावर. आणि नावं! बाळासाहेब, बाळासो, बा. आ. पाटील ही तीन वेगळी माणसं नाहीत. पहिल्या बाळंतपणाला माहेरच्या नावाने नोंदलेली बाई पुढच्या खेपेला सासरच्या आडनावाने येते. हे न जुळवता डेटा प्रशिक्षण आणि चाचणीत विभागला तर एकच रुग्ण दोन्हीकडे जातो आणि अचूकता फुकटची वाढते. जुळणी रुग्णालयाच्या आतच, त्यांच्याच माणसाकडून करून घ्या. तुमच्या हातात फक्त सांकेतिक क्रमांक यावेत.

त्याहून निसरडी गोष्ट म्हणजे कोऱ्या राहिलेल्या जागा. ट्रोपोनिनची तपासणी डॉक्टरांना हृदयविकाराचा संशय आला तरच होते. 'तपासणी केली' एवढ्यावरूनच मॉडेल निम्मं उत्तर ओळखतं, म्हणजे ते आजार शिकत नाही, डॉक्टरांचा संशय शिकतं. दुसऱ्या दवाखान्यात नेलं की कोसळतं.

नाव काढलं म्हणजे माणूस लपला असं समजू नका. जतजवळचं दीड हजार वस्तीचं गाव, वय ३४, स्त्री, एखादा दुर्मिळ आजार, एवढ्यावर अख्खं गाव तिला ओळखेल. गावाऐवजी तालुका, वयाऐवजी पाच वर्षांचा गट, तारखेऐवजी दाखल झाल्यापासूनचे दिवस ठेवा. नैतिकता समितीची परवानगी काम सुरू करायच्या आधी. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जुन्या, ओळख काढलेल्या डेटासाठी संमतीतून सूट मागता येते, पण ती समितीने द्यायची असते, आपण आपली घ्यायची नसते. मागाहून परवानगी मिळत नाही. परदेशी भागीदार घेतला तर आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचा टप्पा वाढतो. जीवाणूंचे रीड्स फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात किंवा अन्य संग्रहात टाकण्याआधी त्यात मिसळलेले माणसाचे रीड्स गाळून काढा.

राहिला नोकरीचा भाग. २०१८ च्या यूजीसी नियमावलीत सरळ भरतीने सहयोगी प्राध्यापक व्हायला पीएच.डी., ८ वर्षांचा अनुभव, ७ शोधनिबंध आणि ७५ संशोधन गुण लागतात. प्राध्यापक व्हायला १० वर्षं, १० निबंध आणि १२० गुण. यातला सापळा गुणांच्या वाटपात आहे. दोनपेक्षा जास्त लेखक असले की पहिल्या किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के. संगणकवाल्याचं नाव वैद्यकीय निबंधात हमखास मधे असतं. दहा वर्षं डॉक्टरांच्या निबंधांत चौथ्या क्रमांकावर राहिलात तर मुलाखतीच्या वेळी यादी लांबलचक आणि बेरीज तोकडी. म्हणून काम सुरू होतानाच लिहून ठरवा: रुग्णांबद्दलचा निबंध त्यांच्या नावावर पहिला, जीनोम किंवा पद्धतीबद्दलचा तुमच्या. चहा पिताना ठरलेलं दोन वर्षांनी कोणालाच आठवत नाही. एक ईमेल पुरतो.

दुसरं, पीएच.डी.चा विषय. तुमचं पद बायोटेक्नॉलॉजीचं आहे. प्रबंध कॉम्प्युटर सायन्सच्या मंडळाकडे नोंदवला तर पुढच्या भरतीत 'संबंधित विषय' या शब्दावर छाननी समिती अडवू शकते. शिवाजी विद्यापीठात नोंदणी करताना मार्गदर्शक जीवशास्त्राच्या बाजूचे घ्या आणि संख्याशास्त्र किंवा संगणकाचे सहमार्गदर्शक जोडा. पीएच.डी. झाली की २०२२ च्या नियमांप्रमाणे, पद कायम असेल आणि तीन निबंध असतील तर सहायक प्राध्यापकालाही मार्गदर्शक होता येतं, आणि चार विद्यार्थी घेता येतात. चारही एकदम घेऊ नका. दोन घ्या, आणि एक ओल्या लॅबचा, एक कोडचा असं न करता दोघांनाही दोन्ही करायला लावा. नाहीतर नमुन्यांचा तक्ता एकाकडे आणि निकाल दुसऱ्याकडे राहतो.

मायक्रोबायोलॉजी विभागाच्या पहिल्या भेटीला लॅपटॉप नेऊ नका. एक छापील कागद न्या, त्यावर बारा रकाने: सांकेतिक क्रमांक, नमुन्याची तारीख, वॉर्ड, दाखल होऊन किती दिवस, नमुन्याचा प्रकार, वयोगट, लिंग, जीवाणू, प्रत्येक औषधाचा व्यास किंवा एमआयसी, आधी घेतलेलं प्रतिजैविक, फ्रीझरमधली पेटी आणि खाच, नोंद करणाऱ्याची सही. त्यांना विचारा यातलं काय आत्ता नोंदलं जातं, काय वेगळं विचारावं लागेल आणि काय मिळणारच नाही. त्यांनी खोडलेले रकाने वगळून जे उरेल, तेवढ्यातच तुमच्या प्रबंधाचा प्रश्न बसवायचा आहे. साठवण वीस टक्के ग्लिसरॉलमध्ये, उणे ८० अंशांवर, प्रत्येकाच्या दोन नळ्या, आणि दुसरी नळी दुसऱ्या इमारतीतल्या फ्रीझरमध्ये.